साखळी आणि पट्टा

लेकीची गाडी दोर बांधून गॅरेजात ओढत आणली. मिस्त्रींनी इंजिन उघडलं आणि त्यांचा पारा चढला. कॅमचा दांडा फिरवणारा आतला रबरी पट्टा तुटला होता आणि त्यामुळे सगळे व्हॉल्व वाकले होते.

"व्हॉल्व उघडणारा हा कॅम इंजिनाच्या डोक्यावर नेऊन बसवायची अवदसा कुणाला आठवली?" ते कडाडले. "माझ्या जुन्या गाडीत कॅम खाली, पोटात. तिथून पुशरॉडच्या दांड्या वर जाऊन व्हॉल्व उघडतात. कॅम फिरवायला वीतभर साखळी. तीस वर्षांत तिचं तोंड पाहावं लागलं नाही! आणि इथे एक पट्टा तुटला की इंजिनच खलास!"

"बाबा, तो पट्टा मधूनमधून बदलावा लागतो म्हणे," लेक हळूच म्हणाली.

"मग हे आधी सांगायला त्यांच्या तोंडाला काय झालं होतं? भर रस्त्यात गाडी बंद पडली, मागून ट्रक येत होता. माझी पोर हकनाक गेली असती! कंपनीला आत्ताच पत्र लिहितो. दे ते गाडीचं पुस्तक."

तिने पुस्तक पाठीमागे धरलं. "राहू द्या ना, बाबा."

त्यांनी ते ओढूनच घेतलं आणि पट्ट्याचं पान काढलं. 'दर साठ हजार किलोमीटरला पट्टा बदलावा,' असं ठळक छापलेलं होतं. त्यावर निळ्या पेनाने काट मारली होती आणि शेजारी त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'काही गरज नाही. उगाच लुबाडतात. बाबा.'