छातीवरचं गोंदण

तिसऱ्यांदा सुई टोचली आणि गोमतीबाईला कळून चुकलं, की आपलं आता काही खरं नाही.

छातीच्या मधोमध एक, दोन्ही कुशींवर एकेक. तिळाएवढे निळे ठिपके. टोचणारी दवाखान्यातली अंजना नावाची पोरगी गोड बोलत होती, पण गोड बोलण्याला भुलायला गोमतीबाई काही कालची नव्हती. तांड्यात सगळ्यांना ठाऊक आहे : चांदी इथंच राहते, कापड इथंच राहतं, माणसाबरोबर वर जातं ते फक्त गोंदण. तिची सासू अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्या कोऱ्या हातावर असेच घाईघाईनं ठिपके टोचले होते. आठव्या दिवशी सासू गेली.

छातीत गाठ आहे, एवढंच उज्ज्वलानं, तिच्या लेकीनं, तिला सांगितलं होतं. तो फुप्फुसाचा कॅन्सर आहे आणि आजूबाजूला इतका पसरलाय की ऑपरेशन होत नाही, हे तिनं पोटातच ठेवलं. पण म्हातारीला ठिपक्यांनी सगळं सांगून टाकलं होतं.

रिठदजवळच्या तांड्यावर परतल्यावर गोमतीबाईनं निमूट आवराआवर केली. शेळी शेजारच्या सोमलाच्या दारी बांधून आली. रडली नाही. दहा दिवसांनी लेक पुन्हा शहरातल्या दवाखान्यात न्यायला आली, तेव्हा मात्र बाजेवरून हलेना.

“आता कायले जाचं? त्यायनं तं शेवटचं करून देलं.”

“याडी, अजून इलाज सुरूच कुठं झाला?” उज्ज्वला म्हणाली. लेकीचं मन मोडवेना, म्हणून गोमतीबाई जीपमध्ये बसली.

सकाळी सलाईनमधून औषध चढवलं. दुपारी एका थंडगार खोलीत नेऊन अरुंद टेबलावर निजवलं. अंजना छातीवरचे ठिपके शोधू लागली, तशी गोमतीबाईला राहवलं नाही.

“बाई, मरणाऱ्याले गोंदाची रीत तुमच्यातबी हाय का?”

अंजनाचे हात थांबले. ती टेबलाशी वाकली.

“आजी, हे मराचं गोंदण नाही. गाठ आतमंधी हाय, वरून दिसत नाही. तीस दिवस किरण त्याच जागी पडले पाह्यजे, म्हून ही खूण. पह्यले औषध सरल्यावर किरण देत. आता दोन्ही संगंच देतो. औषध गाठीले कमजोर करते, किरण तिले जाळते. तुमाले तरास होईन, पण गाठीले दम खायले वेळ भेटत नाही.”

तीस दिवस. मरणाऱ्याला एवढा लांबचा वायदा कोण देतं?

दिवे मंद झाले. छतातून लाल रेघ उतरली आणि नेमकी त्या तिळाएवढ्या ठिपक्यावर येऊन थांबली. दोन्ही भिंतींतूनही तशाच रेघा आल्या. अंजना बाहेर गेली आणि ते अवाढव्य यंत्र हळूहळू तिच्याभोवती फिरू लागलं. गोमतीबाई थक्क होऊन बघत राहिली. जन्मभर ती ऊसतोडीला या फडातून त्या फडात फिरली होती. आज एवढं मोठं यंत्र तिच्याभोवती फिरत होतं, आणि तेही तिला वाचवायला.

अंजनानं परत येऊन उठायला हात दिला. गोमतीबाई उठली नाही. छातीवरच्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली,

“पोरी, एवढाला बारीक काहून टोचला? जरा ठसठशीत टोच. उद्या मशीनले सापडला पाह्यजे.”