झोपायची जागा

“हिला खायला काय देता?” मुलीला तपासून डॉक्टरबाईंनी विचारलं.

“वरणभात, दूध,” मोरेश्वर म्हणाला. दोन वर्षांच्या पोरीच्या अंगावर दाट लव आणि गालांवर मुरुमं कशी आली, हे त्याला कळेना.

बाईंची नजर त्याच्या दंडांवर गेली. “आणि तुम्ही काय घेता?”

“जिममधून बॉडीसाठी पुरुषी हार्मोनचं जेल आणलंय. रात्री छातीला चोळतो. गुणही आलाय.” तो बावचळला. “पण ते मी लावतो. हिचा काय संबंध?”

“ते कातडीवरून कातडीत जातं. ही झोपते कुठं?”

पोरीनं जांभई दिली आणि रोजच्यासारखे त्याच्या छातीवर झोपायला हात वर केले. तो मागे सरकला. काय चुकलं ते न कळून ती तशीच हात पसरून उभी राहिली.