वरचं बूच

बायको देवाघरी गेली त्याला पाच दिवस झाले, पण मिस्त्रीनं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. सकाळीच घरामागच्या गॅरेजात तो पिकअपखाली शिरला, मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलचं, म्हणजे गिअरच्या डब्याचं, ऑइल बदलायला. खालचं बूच सुटलं, काळंकुट्ट ऑइल सगळं ट्रेमध्ये उतरलं, आणि नवं भरायचं वरचं बूच काही केल्या हलेना.

शेजारी बसलेली लेक म्हणाली, "बाबा, वरचं सुटतंय का ते बघूनच खालचं उघडायचं, हा तर तुमचाच नियम. येईल त्याला ऐकवता. आता ऑइलविना गाडी अडकली ना?"

गाडीखालून नुसते पाय दिसत होते. हातातला पाना खाली ठेवून तो तिथूनच म्हणाला,

"नियम माझाच गं. पण गाडीखाली शिरलो की दर वेळी स्वयंपाकघरातून हाक यायची, 'आधी वरचं बघा हो.' आज किती वेळ कान देऊन पडलो होतो."