सुपारीएवढा तुकडा

हॉस्पिटलपासून एक मोटरसायकल आपल्या मागे आहे, हे तळवड्याच्या वळणावर अरुंधतीच्या लक्षात आलं. तिने गाडी हळू केली तशी मोटरसायकलही हळू झाली. संशोधन संस्थेच्या फाटकाशी वॉचमनने ती अडवली. हेल्मेट काढल्यावर दिसलं, तो ज्योतीराम होता. सकाळी याच माणसाने तिच्यासमोर संमतीपत्रावर सही केली होती.

"त्या डब्यात माझ्या लेकराचं हाय ना?"

"हो. सकाळी बोललो होतो आपण."

"मग मी बी येतो."

"भाऊ, ऑपरेशन अजून चालू आहे. तुम्ही तिथे असायला हवं."

"तिकडं तिची आई हाय. इकडं कुणी न्हाई."

वाद घालायला वेळ नव्हता. डब्यातल्या गार द्रावणात सुपारीएवढा तुकडा होता आणि मिनिटागणिक त्यातल्या पेशी मरत होत्या. ज्योतीरामच्या अकरा वर्षांच्या मुलीला, तनुजाला मेंदूच्या ज्या भागातून फिट यायच्या, तिथला तो तुकडा. एरवी असे तुकडे तपासणी झाली की फेकून देतात. अरुंधती अशा जिवंत तुकड्याची आठ महिने वाट पाहत होती. तिने ज्योतीरामला एप्रन दिला, बुटांवर पिशव्या चढवायला लावल्या आणि भिंतीकडच्या खुर्चीत बसवलं.

यंत्राचं पातं थरथरत पुढे सरकू लागलं. तुकड्याचे पातळ काप सुटे होऊन द्रावणात तरंगले. ज्योतीराम चाकणच्या एका कंपनीत पत्रा कापायच्या प्रेसवर होता. पात्यावरची नजर त्याने काढली नाही.

"काय करायलात त्याचं?"

"या पेशी नको तितक्या भडकतात, म्हणून तनुजाला फिट येते. सेरोटोनिन म्हणून एक रसायन आपल्या मेंदूतच असतं. त्याच्यासाठी पेशीवर रिसेप्टर असतात, कुलपांसारखे. वेगवेगळ्या जातीचे. कुठलं कुलूप उघडलं की पेशी शांत होते, ते मी शोधतेय."

"मग गोळी निघंल?"

"निघाली तर दहा-पंधरा वर्षांनी."

"म्हंजी तनुजाला न्हाई."

"बहुतेक नाही."

तो खुर्चीत पुढे वाकला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, एक खरं सांगा. तुमच्यासाठी म्हणून जास्त कापलं का?"

"नाही. किती काढायचं ते आधीच ठरलेलं असतं."

"तुमी होतात तिथं?"

"नाही."

"मग?"

अरुंधतीने मान खाली घालून पुढचा काप उचलला. काल सर्जनचा मेसेज आला होता, उद्या चांगला मोठा नमुना मिळेल. तिने त्याला अंगठा पाठवला होता. तेव्हा त्यात वेगळं काही वाटलं नव्हतं.

"तुम्हाला पटत नसेल तर सही मागे घेता येते," ती म्हणाली. "आत्तासुद्धा."

"परत बसवता येतंय का?"

"नाही."

"मग नेऊन काय करू?"

दुपारी त्याच्या बायकोचा, दीपमालाचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं, पोरगी अजून भुलीत होती. तो "हां" म्हणाला आणि बसून राहिला. अरुंधतीने आपल्या जेवणाच्या डब्यातली पोळी-भाजी पुढे केली. त्याने हात लावला नाही.

चारच्या सुमाराला पहिली पेशी हाती लागली. केसाहून बारीक काचेची नळी तिला टेकली आणि टेबलावरच्या स्पीकरमधून आवाज येऊ लागला. टक्. टक्. मग टक्‌टक्‌टक्‌टक्, घाईघाईने.

ज्योतीराम उठून उभा राहिला. "हे काय?"

"पेशी आहे. तिच्यातल्या विजेचा आवाज. जिवंत आहे अजून."

"दुखत असंल."

"नाही भाऊ. सुट्या पेशीला दुखणं कळत नाही."

तिने सेरोटोनिन सोडलं. आवाज विरळ झाला. मग थांबलाच.

"मेली?"

"शांत झाली. रसायन धुऊन गेलं की पुन्हा सुरू होईल."

काही मिनिटांनी खरंच टकटक सुरू झाली. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. त्याने फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा," आवाज जड होता, पण तनुजाचाच होता. "कुठं हाव तुमी?"

"हितंच हाय. तनू, तुझ्या मावशीचं नाव काय?"

"कौशल्या."

"आपली खोली कुठं हाय?"

"चऱ्होलीत. असं काय इचारायलाव?"

"शाळेतल्या बाई?"

"सोनवणे बाई."

"गावाकडच्या म्हशीचं नाव सांग."

पलीकडून उत्तर आलं नाही. अरुंधतीचा हात रसायन सोडायच्या खटक्यावर तसाच राहिला.

"तनू? म्हशीचं नाव?"

"झोप यायलीय, बाबा."

दीपमालाने फोन घेतला. डॉक्टर झोपू द्या म्हणतायत, असं काहीसं बोलून तिने तो ठेवला.

ज्योतीरामने मोबाइल खिशात घातला. "म्हशीला नाव तिनंच ठेवलंय," तो म्हणाला. "हे झोपेनं झालं, का ह्याच्यामुळं?" त्याने काचेच्या ताटलीकडे बोट केलं.

भुलीचा अंमल असतो, सूज असते, दोन दिवसांत आठवेल. अरुंधतीला हे सगळं सांगता आलं असतं. त्यातलं काही खोटंही नव्हतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

भिंतीकडची खुर्ची उचलून त्याने टेबलाशी आणली आणि स्पीकरला कान लावून बसला.

"आवाज वाढवा जरा," तो म्हणाला.