घरचा पाठिंबा

पक्षाने नगराध्यक्षपदाचा उमेदवार सभासदांच्या मतदानाने निवडायचं ठरवलं, तेव्हा निवृत्त परिचारिका मंदाकिनी तोरसकर उभ्या राहिल्या. समोर होता निशिकांत, गावातल्या एकुलत्या एका साप्ताहिकाच्या संपादकांचा मुलगा.

ज्या अंकात साप्ताहिकाचा पाठिंबा जाहीर होणार होता, तो शनिवारी आला. मंदाकिनीबाईंनी तो घडीही न मोडता फ्रिजवर टाकला. बापाचा कौल कुणाला, हे वाचायला कशाला हवं?

तासाभराने खुद्द निशिकांत दारात उभा.

"सिस्टर, अग्रलेख वाचलात?"

"नाही रे. पण तुझं अभिनंदन."

"अहो, बाबांनी पाठिंबा तुम्हाला दिलाय. लिहिलंय, मुलगा माझा छान बोलतो, पण पुरात चार दिवस दवाखाना एकटीने चालवला तो या बाईंनी."

मंदाकिनीबाईंनी धावत जाऊन अंक काढला, उलटा धरला, सुलटा केला. खरंच तसं छापलं होतं. त्यांना हसू फुटलं.

"तू रागावला नाहीस?"

"रागावलो ना. तक्रार करायला आईकडे गेलो. ती म्हणाली, तिचं मत तर पहिल्या दिवसापासून तुम्हालाच आहे."

मंदाकिनीबाई हसत हसत पायरीवरच बसल्या. मग निशिकांतलाही हसू आवरेना.