जेवलीस का गं?

धैर्यशीलनं राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची काचेची टाकी बसवली आणि तिच्यात एकच पिवळा फुलपाखरू मासा सोडला. कामावरून आला की तो आधी टाकीपाशी बसायचा. "जेवलीस का गं?" असं हळूच विचारायचा. त्याच्या बायकोला, संयोगिताला, त्यानं असं कधीच विचारलं नव्हतं.

तो दोन दिवसांसाठी पुण्याला गेला, तेव्हा तिनं मुद्दामच माशाला काही घातलं नाही. मासा काचेला तोंड लावून तिच्याकडं बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंघोळ करून बाहेर आली. टाकीशेजारी ठेवलेल्या तिच्या मोबाइलवर त्याचा फोन येऊन गेला होता. अकरा मिनिटं बोलणंही झालं होतं.

घरात दुसरं कुणीच नव्हतं. दाराला आतून कडी होती.

तिनं घाईघाईनं त्याला फोन लावला.

"परत?" तो हसला. "आज लई गोड बोललीस की. लग्नाला आठ वर्षं झाली, असं कधी बोलली न्हाईस."

भीती वाटण्याआधी तिच्या अंगाची आगआग झाली.

"काय बोलले मी?"

"इसरलीस व्हय? सारखं म्हणत होतीस की, भूक लागलीया, लवकर या."