बिनखिशाचा शर्ट

कॅप्टनने नवं जाकीट अंगात चढवलं, दोन्ही हात वर-खाली करून पाहिले आणि आरशासमोर उभा राहून स्वतःवरच खूश झाला.

"डावा खांदा जरा जड लागतोय, ताई."

"दुहेरी अस्तर घातलंय. वर गारठा असतो ना."

"तेही खरंच. पण तुमचा टाका म्हणजे टाका. तीन वर्षांत एक शिवण उसवली असेल तर शपथ."

शिवणारी बाई नुसती हसली. त्याने ताई म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिला ताई म्हणायचा हक्क एकालाच होता, आणि तो इथल्याच एका तळ्याच्या काठी यंत्रासकट कोसळून गेला होता.

सैन्याशी या माणसाचा संबंध मिशांपुरताच, तरी सगळे त्याला कॅप्टन म्हणत. पाहुण्यांना जायरोकॉप्टरमधून तळ्यांवर फिरवून आणायचा त्याचा धंदा. दोन उघड्या खुर्च्या, एकीमागे एक. डोक्यावर फिरणारं लांब पातं आणि पाठीमागे ढकलणारा पंखा. बाईचा धाकटा भाऊ इथला मेकॅनिक होता. पंख्याला चीर गेलीय, बदलायला हवा, असं त्याने कॅप्टनला दोनदा सांगितलं होतं. कॅप्टन म्हणाला, सीझन संपू दे. आणि एका सकाळी चाचणीसाठी त्यालाच वर पाठवलं. पंखा हवेतच तुटला.

चौकशीत कॅप्टनने सांगितलं, पठ्ठ्याने शर्टाच्या खिशात पाना ठेवला होता, तो उडून पंख्यात गेला. मेलेला माणूस काही उलट उत्तर द्यायला येत नाही. अहवालात एकच शब्द आला: निष्काळजीपणा.

पण धाकट्याचे शर्ट तीच शिवायची आणि एकाही शर्टाला खिसा नव्हता. "पंख्याजवळ काम असतं ताई, खिसा नको," असं त्यानेच सांगून ठेवलं होतं. तिने हे चौकशीवाल्या साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी विचारलं, शर्ट कुठाय? शर्ट दवाखान्यात कापून फेकून दिला होता. तिच्या हातात आला तो फक्त पाना, चिठ्ठी चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. त्याच्या दांड्याला लाल पट्टी होती. लाल पट्टीची हत्यारं कॅप्टनची. धाकट्याच्या हत्यारांना निळी असायची.

पुढे कॅप्टनने जाकिटांचं सगळं काम तिलाच दिलं. लोक म्हणाले, देवमाणूस. तिने काम घेतलं आणि चोख केलं. आज मात्र ती आपणहून म्हणाली होती, एकदा मलाही वर न्या, तो पडला ती जागा बघू दे.

काउंटरवरच्या मुलीने ट्रे पुढे केला. "मावशी, सुटं काही नको. किल्ल्या, पिना, सगळं यात." धाकटा गेल्यापासूनचा हा नियम. बाईने टेप ठेवला, बोटातलं अंगुस्तान ठेवलं, पर्स ठेवली. मशीनच्या खणात तीन वर्षं पडून असलेली ती प्लास्टिकची पिशवी सकाळीच तिने पर्समध्ये टाकली होती. मुलीने ट्रे कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"खिसे बघितले ना?" कॅप्टनने विचारलं.

"माझ्या कपड्यांना खिसेच नसतात."

यंत्र धावपट्टी सोडून वर गेलं. खाली शेतं ठिगळं जोडल्यासारखी पसरली होती. एकामागून एक तळी आली. एकात होडी, एकात नुसतेच वेत. बघण्यासारखं होतं, आणि धाकटा हे रोज बघायचा याचं तिला पहिल्यांदाच बरं वाटलं. समोर हातभर अंतरावर कॅप्टनची मान होती. हा माणूस जगू नये असं तिला वाटत होतं आणि ते ती स्वतःपासून लपवत नव्हती. पण विचारायचं एकदाच, असं तिने ठरवलं होतं. खरं बोलला तर आपण गप्प घरी जायचं, जाकीट दुरुस्तीला म्हणून परत न्यायचं आणि विषय संपवायचा.

"ती जागा बघा, त्या वेताच्या कडेला," हेडफोनमधून त्याचा आवाज आला.

तिने खाली पाहिलं. वेत पुन्हा उगवले होते.

"कॅप्टन, एक विचारू? पाना त्याच्या खिशातच होता?"



"खिशातच, ताई. मी या हातांनी पंख्यातून काढला. तुमच्या भावाबद्दल खोटं कशाला बोलू?"

"नाही, एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

उतरल्यावर त्याने तिला हात देऊन खाली घेतलं. "मन हलकं झालं ना?"

"झालं."

"चला, तुम्ही आजच्या शेवटच्या. मी यंत्र पलीकडच्या शेडमध्ये ठेवून येतो." रोज संध्याकाळी तो असाच एकटा तळं ओलांडून जायचा. तो पुन्हा खुर्चीत बसला आणि पट्टे आवळू लागला.

"थांबा, एक दोरा राहिलाय."

ती त्याच्या पाठीमागे गेली, डाव्या खांद्यावर वाकली आणि दोरा दातांनी तोडला. आईने पोराचं करावं तसं तिने खांद्यावरून हात फिरवला. कॅप्टनचे डोळे पाणावले. "तुमच्यासारखं मोठं मन नसतं हो सगळ्यांचं," तो म्हणाला आणि निघाला.

काउंटरवर मुलीने कपाट उघडलं. पर्सचा बंद सुटून आतली पिशवी ट्रेमध्ये सांडली होती.

"मावशी, चिठ्ठीवर 'मृताच्या खिशातला पाना' असं लिहिलंय. पण ही तर रिकामी आहे. काही पडलं का तुमचं?"

तळ्यावरून यंत्राचा आवाज येत होता. बाईने अंगुस्तान उचललं, टेप गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

"नाही गं, पडलं नाही. ज्याचा होता त्याला परत दिला."